केसाळ बेडूक
केसाळ बेडूक : अंगावर केसांसारखे तंतू असलेला आफ्रिकेतील एक उभयचर (पाण्यात व जमिनीवरही राहणारा) प्राणी. शास्त्रीय नाव ट्रायकोबॅट्रॅकस रोबस्टस. तो कॅमेरून, इक्वेटोरियल गिनी, गाबाँ, नायजेरिया इ. देशांतील वनप्रदेशांत, वाहत्या ओढ्यांच्या व नद्यांच्या आसपास आढळतो. शरीराची लांबी सु. ११ सेंमी. असून नर मादीपेक्षा मोठा असतो. विणीच्या हंगामात नराच्या कुशींवर व मांड्यांवर सु. १ ते १·५ सेंमी. लांबीचे दाट तंतू वाढतात. मादीला ते नसतात. हे तंतू खरे केस आहेत काय, या प्रश्नाचा इतिहास उद्‌बोधक आहे.

केस हे सस्तन प्राण्यांचे खास लक्षण मानले जाते. केसाचा उगम कसा झाला, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निरनिराळी मते मांडली जात होती. उभयचरांच्या त्वचेतील संवेदनाग्राही इंद्रियांपासून केस उत्पन्न झाले असावेत, असा सिद्धांत फ्रीड्रिख माउरर या जर्मन शारीरविज्ञांनी १८९५ च्या सुमारास मांडला होता. अशा वेळी, १९०० मध्ये, ब्रिटिश म्यूझियममधील प्राणिवैज्ञानिक जी. ए. बूलेंझर यांनी पश्चिम आफ्रिकेतील बेनितो नदीच्या परिसरातून आलेल्या नमुन्यांवरून या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. केस व बेडूक या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी प्रजातीचे नाव बनविले. त्यामुळे या तंतूंकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक होते.

परीक्षणान्ती मात्र हे साम्य केवळ बाह्य असल्याचे दिसून आले. खरा केस बाह्यत्वचेच्या कोशिकांपासून (पेशींपासून) बनतो. त्याचे मूळ त्वचेतील पुटकात असते व त्वचेबाहेरील भाग केराटीन या कठीण प्रथिनाने भरलेल्या मृत कोशिकांचा असतो. बेडकाचे तंतू ही त्वचेचीच जिवंत, मऊ प्रवर्धने (वाढी) असून त्यांत रक्तकेशिकांचे जाळे असते. त्यांना मूळ नसते व केराटिनाचा दांडाही नसतो.

मग त्यांचे कार्य कोणते? न्यूयॉर्क येथील अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधील जी. के. नोबल यांनी १९२५ मध्ये याचे उत्तर दिले. या बेडकाची फुप्फुसे शरीराच्या मानाने लहान असतात. त्यामुळे तंतूंच्या योगे त्वचेचा पृष्ठभाग वाढून पाण्यातील ऑक्सिजन अधिक प्रमाणात शोषला जातो, असे त्यांनी प्रतिपादन केले. नर पाण्यातील अंड्यांजवळ राहून त्यांची राखण करतो, ही गोष्टही या उपपत्तीशी जुळते. अर्थात हे तंतू कार्याने केसांपेक्षा कल्ल्यांना अधिक जवळचे आहेत.

या बेडकाच्या मागच्या पायांवरील नख्यांचीही अशीच गोष्ट आहे. त्या म्हणजे बोटांच्या टोकांची अणकुचीदार हाडे होत. संकटसमयी ती त्वचा भेदून बाहेर येतात. त्यांवर केराटिनाचे आवरण नसल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद केले आहे.

तथापि उभयचरांचा केसांशी काहीच संबंध नाही, असे म्हणता येत नाही. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या मागच्या पायांच्या तीन बोटांवर केराटीनयुक्त काळ्या नख्या असतात. सस्तन प्राण्यांत केस व नखे यांच्या वाढीस आवश्यक असलेले एक जनुक (आनुवंशिक घटक) या बेडकात निकामी केल्यास नख्या तयार होत नाहीत, असे २०२४ मध्ये दाखविण्यात आले. यावरून कठीण केराटीन बनविण्याच्या यंत्रणेचा पाया चतुष्पाद प्राण्यांच्या सामाईक पूर्वजातच घातला गेला असावा, असे अनुमान निघते. ज्याच्या अंगावर केस दिसतात त्या बेडकाचे तंतू केसांचे आप्त नव्हेत. केसांचे दूरचे नाते दुसऱ्याच एका गुळगुळीत बेडकाच्या नख्यांत आढळते. अवयवांचे खरे नाते बाह्य रूपावरून नव्हे, तर रचना व उगम यांवरून ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.