व्हेरिकोसीलच्या वेदनेवरील शस्त्रक्रिया

वृषणातून अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांच्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचते आणि शिरा फुगतात. या विकाराला व्हेरिकोसील म्हणतात. सुमारे १५ टक्के पुरुषांत तो आढळतो. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळत असल्याने तो बहुधा डाव्या बाजूस होतो. बहुतेकांना काहीच त्रास नसतो. फार थोड्यांना ठसठस, जडपणा व ओढ जाणवते. उभे राहून वा ओझे उचलून हे दुखणे वाढते आणि आडवे झाल्यावर उतरते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधील कारखान्यांत पाळीभर उभा राहणारा कामगार किंवा लासलगावच्या बाजारात कांद्याची गोणी उचलणारा हमाल संकोचापोटी ते अंगावर काढतो, हे खेदाचे आहे.

शस्त्रक्रियेचे यश निदानावर ठरते. दुखणे खरोखर या शिरांचेच आहे का, हे उभ्याने तपासून व डॉप्लर सोनोग्राफीने पाहतात. संसर्ग, हर्निया, मूतखडा यांमुळेही तिथे दुखते. अचानक उठलेली तीव्र कळ वृषणाला पीळ पडल्याची असू शकते. तेव्हा काही तासांतच उपचार व्हावे लागतात. फक्त उजवीकडे नव्याने झालेली किंवा आडवे होऊनही न ओसरणारी सूज असेल, तर पोटाची तपासणी टाळू नये. आधी काही आठवडे आधार देणारी लंगोट, विश्रांती व वेदनाशामके वापरून पाहतात. त्याने भागले नाही तरच शस्त्रक्रिया.

शस्त्रक्रियेत फुगलेल्या शिरा बांधून रक्ताला निरोगी शिरांची वाट मोकळी ठेवतात. अर्जेंटिनातील इव्हानिसेविच यांनी जांघेतून, तर पालोमो यांनी १९४९ मध्ये त्याहून वरून शिरा बांधण्याची पद्धत मांडली. दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते. जांघेखालच्या लहान छेदातून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली शस्त्रक्रिया आज सर्वांत भरवशाची मानतात, कारण तीत धमनी व लसिकावाहिन्या ओळखून वाचवता येतात. त्यामुळे हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साचण्याचा धोका कमी राहतो. विकार उलटण्याचा धोकाही कमी असतो. योग्य निवडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के जणांचे दुखणे थांबते वा बरेच कमी होते, पण त्याला काही आठवडे ते तीन महिने लागू शकतात. उरलेल्यांचे दुखणे राहते, हे भूल देण्यापूर्वीच रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे. पुढे दोन-तीन आठवडे जड उचलणे वर्ज्य असते. बिनटाक्याचा पर्याय म्हणजे नळीवाटे शीर आतून बंद करणे. त्यासाठी क्ष-किरण यंत्रणा व निष्णात हात लागतात.

देवळाली व नाशिकरोडला तोफखान्याची मोठी केंद्रे असलेल्या नाशिक जिल्ह्यात अनेक तरुणांना हा विकार प्रथम सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत कळतो. मुळात दुखणेच नसलेल्या अशा तरुणाची शस्त्रक्रिया वेदनेसाठी नसते, तिचा हेतू भरतीस पात्र ठरणे हा असतो. दोन्हींचे निकष वेगळे ठेवावेत.