कारण न सांगता वगळलेले ज्यूरर

१७. ‘वकिलाने बारा जणांची मने जिंकली’ : लेखक सारा भर वक्तृत्वावर देतात, मला मात्र वाटते की निकाल बरेचदा त्याआधीच, ज्यूरी निवडतानाच झुकतो. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दिवाणी दाव्यात प्रत्येक पक्षाला तीन संभाव्य ज्यूरर कारण न देता वगळता येतात. एडमन्सन विरुद्ध लीसव्हिल काँक्रीट हा खटला पाहावा. लुइझियानातील फोर्ट पोल्क येथे बांधकामावरचा एक कृष्णवर्णीय कामगार लीसव्हिल काँक्रीट कंपनीचा मागे घरंगळलेला ट्रक आणि बांधकामाची यंत्रसामग्री यांच्यामध्ये अडकून जखमी झाला. भरपाईच्या दाव्यात कंपनीने तीनपैकी दोन हरकती कृष्णवर्णीयांविरुद्ध वापरल्या. कारण विचारावे, ही कामगाराची मागणी न्यायाधीशाने फेटाळली. ज्यूरीत अकरा गोरे, एक कृष्णवर्णीय. त्यांनी नुकसान ९०,००० डॉलर ठरवले, पण ८० टक्के दोष कामगाराचाच मानला. हाती आले १८,०००. वेगळ्या ज्यूरीने काय दिले असते, हे कधीच सिद्ध करता येत नाही, आणि अन्यायाची धार नेमकी तिथे आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दिवाणी दाव्यांतही वंशावरून ज्यूरर वगळण्यास मनाई केली. फौजदारी खटल्यांत सरकारी वकिलांवर ही बंदी १९८६ च्या बॅट्सन निकालाने आलीच होती. तरीही वकील दुसरे एखादे साधे कारण पुढे करू शकतो, आणि ते खरे की बहाणा, हे न्यायाधीशालाच ठरवावे लागते.