सिमेंटचा पत्रा आणि धुळीची साक्ष देणाऱ्या बायका



आम्ही इमारतींतल्या धोकादायक सामानाची तपासणी करणाऱ्या बायका. शिक्षण पर्यावरणशास्त्राचं, पण काम बहुतेक वेळा छपरावर, माळ्यावर आणि तळघरात. जुनी शाळा, गिरणी किंवा कचेरी पाडायची ठरली की कामगारांच्या आधी आम्ही तिथं जातो. पत्रा, पाइपांवरचं आवरण, भिंतीचा रंग असं सगळं बघतो. संशय आला तिथं आधी पाणी शिंपडतो, नखाएवढा तुकडा काढतो, पिशवीत बंद करतो, पिशवीवर जागा आणि तारीख लिहितो. मग प्रयोगशाळेत तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. आम्ही शोधत असतो तो ॲसबेस्टॉस.

हे काम सुरू कुठून झालं, ते आज सांगायचं आहे. या इतिहासात पावलोपावली बायका आहेत. आणि ज्याची ही गोष्ट आहे, तो पत्रा आपल्यापैकी कितीतरी जणींच्या डोक्यावर आहे. गोठ्यावर, पडवीवर, न्हाणीघरावर, कुठं शाळेच्या खोलीवरसुद्धा.

ॲसबेस्टॉस हा जमिनीतून निघणारा दगड आहे. पण फोडला की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. ते पिंजता येतात, त्यांचं सूत काढता येतं, कापड विणता येतं. हे कापड जळत नाही, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. १९०१ साली ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी सिमेंटमध्ये हे तंतू मिसळून पातळ, हलके पत्रे करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पत्र्याला नाव दिलं ‘इटर्निट’. लॅटिन भाषेतल्या ‘चिरकाल’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतलं होतं. कौलापेक्षा हलका, लोखंडासारखा गंजत नाही आणि स्वस्त. जगभर तो पसरला, यात नवल नाही.

पण जो गुण छपरावर चांगला, तोच छातीत वाईट. केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. तिथंही ते विरघळत नाहीत. शरीर त्यांच्याभोवती व्रण धरतं, फुप्फुस कडक होत जातं, दम लागतो. काहींना पुढं फुप्फुसाचा किंवा त्यावरच्या आवरणाचा कर्करोग होतो. हे कळायला वीस, तीस, चाळीस वर्षंसुद्धा जातात. तोवर धूळ कुठली होती, हे कुणाला आठवतही नाही.

आता बायकांकडे येऊ. इंग्लंडमध्ये १८९३ साली पहिल्यांदा दोन स्त्रिया कारखाना निरीक्षक म्हणून नेमल्या गेल्या. कारखान्यांत हजारो बायका राबत होत्या, पण त्यांच्याशी बोलायला सरकारकडे बाई नव्हती. पुढच्याच वर्षी लूसी डीन या कामावर आल्या. त्यांचा जन्म १८६५ सालचा, आपल्याकडच्या मद्रासचा. त्या कारखान्यांत जात, धूळ कुठून उडते आणि कुणाच्या अंगावर बसते ते बघत, बायकांना विचारत. १८९८ सालच्या अहवालात त्यांनी ॲसबेस्टॉसच्या कामाचा समावेश सर्वांत धुळीच्या आणि घातक धंद्यांत केला. सरकारी डॉक्टरांनी ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा कण काचेच्या तुकड्यांसारखे धारदार दिसले, हेही त्यात नोंदवलं. कामगारांच्या फुप्फुसांना इजा झाल्याची उदाहरणं समोर आहेत, असंही त्यांनी लिहिलं.

मैत्रिणींनो, हे १८९८ साल. हाचेकचा पत्रा बाजारात यायच्याही आधीचं. म्हणजे ‘तेव्हा कुणाला माहीत नव्हतं’ असं जे सांगितलं जातं, ते खरं नाही. माहीत होतं, लिहिलेलं होतं, सरकारी कागदावर होतं. तो कागद पुढं कुणी हातात घेतला नाही, एवढंच.

लंडनमधले डॉक्टर मॉन्टेग्यू मरे यांच्याकडे एक कामगार आला होता, वय ३३. ॲसबेस्टॉस पिंजण्याच्या खोलीत आपण दहा जण होतो आणि त्यांतला मी एकटाच उरलोय, असं त्यानं सांगितलं. तोही थोड्याच काळात गेला. १९०६ साली सरकारी समितीपुढं मरे यांनी ही हकिकत सांगितली. कोणकोणत्या रोगांना भरपाई द्यायची, ते ही समिती ठरवत होती. आता धूळ रोखायची काळजी घेतात म्हणे, असं बोलणं झालं आणि ॲसबेस्टॉसचा रोग यादीत आलाच नाही.

यादीत नाव नसलं की काय होतं, ते रोचडेल गावच्या नेली कर्शॉ यांना भोगावं लागलं. बाराव्या वर्षी शाळा सुटली, सूतगिरणीत लागल्या. पुढं ॲसबेस्टॉसचं सूत काढायचं काम. १९२२ पर्यंत त्यांच्यानं काम होईना. डॉक्टरांनी ॲसबेस्टॉसमुळं आजार झाल्याचा दाखला दिला. तो घेऊन त्या आजारपणाची मदत मागायला गेल्या, तर उत्तर मिळालं की हा कामामुळं झालेला रोग, मालकाकडे जा. मालक टर्नर ब्रदर्स कंपनी म्हणाली, असा रोग कायद्याच्या यादीतच नाही, आम्ही कसे देणार? दोन्ही दारं बंद. आपल्याकडे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात ना, तसंच. १४ मार्च १९२४ रोजी, ३३ व्या वर्षी नेली गेल्या.

त्यांच्या फुप्फुसाची तपासणी डॉक्टर विल्यम कुक यांनी केली. सूक्ष्मदर्शकाखाली तेच धारदार कण दिसले. कुक यांनी ही माहिती त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापली आणि १९२७ साली या रोगाला ‘ॲसबेस्टॉसिस’ असं नाव दिलं. नाव मिळालं, मग सरकार हललं. ३६३ कामगार तपासले, तर चारांतल्या एकाहून अधिकांच्या फुप्फुसात व्रण सापडले. १९३१ साली धुळीबाबत नियम झाले.

पण ते नियम कारखान्याच्या फाटकापर्यंतच होते. फाटकाबाहेर पत्रा कापणाऱ्या गवंड्याला ते लागू नव्हते. आणि धूळ अंगावर घेऊन घरी येणाऱ्या माणसाचे कपडे धुणारी बाई तर कुणाच्या मनातही नव्हती.

ती पहिल्यांदा दिसली १९६० च्या सुमारास. दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागात निळ्या ॲसबेस्टॉसच्या खाणी होत्या. तिथं दगड फोडून तंतू वेगळे काढायचं काम बायका आणि मुलं हातोडीनं करत. डॉक्टर वॅग्नर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६० साली फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांत खाणीत कधीच न गेलेले कितीतरी जण होते. घरकाम करणाऱ्या बायका होत्या, गुरं राखणारे होते. लहानपणी खाणींच्या आसपास राहिले, खेळले, एवढाच त्यांचा संबंध.

मग लंडनमध्ये डॉक्टर म्युरियल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी एका मोठ्या रुग्णालयाच्या जुन्या नोंदी काढल्या. याच रोगाच्या ७६ रुग्णांची पूर्ण माहिती त्यांनी नातेवाइकांकडून मिळवली. आजवर डॉक्टर रुग्णाला विचारत, काम काय करता? या दोघींनी त्यापुढचं विचारलं. घरात आणखी कोण काय काम करायचं? घर कुठं होतं? उत्तरं आली. ३१ जण ॲसबेस्टॉसचं काम केलेले. नऊ जणांनी स्वतः काम केलं नव्हतं, पण घरातलं माणूस त्या कामावर होतं. या नऊंत बहुतेक बायका. नवऱ्याचे धुळीनं पांढरे झालेले कपडे झटकून धुतले, हाच त्यांचा धंदा म्हणायचा. आणि उरलेल्या ३६ पैकी ११ जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. हे १९६५ साली छापून आलं. आमच्या कामात आजही प्रश्न विचारायची पद्धत तीच आहे. काम विचारायचं, घर विचारायचं आणि कपडे कोण धुतं, तेही विचारायचं.

इटलीतल्या कासाले मोनफेरातो गावाची गोष्ट तर याहून जवळची वाटेल. तिथं इटर्निट पत्र्यांचा मोठा कारखाना होता, १९८६ साली बंद पडला. कारखान्यातला उरलेला भुसा लोक घरी नेत. माळ्यावर पसरत, अंगणात घालत. फुकट मिळणारी वस्तू कोण सोडेल? गावातल्या रोमाना ब्लासोत्ती पावेसी यांचे पती तिथं कामाला होते. ते गेले. मग बहीण, भाचा, चुलत नात्यातलं एक माणूस आणि शेवटी मुलगी. मुलगी कधी त्या कारखान्यात गेलीही नव्हती. रोमाना यांनी पीडित कुटुंबांची संघटना वर्षानुवर्षं चालवली. २०१२ साली तुरीनच्या न्यायालयात मालकांना शिक्षा झाली, पण २०१४ साली वरच्या न्यायालयानं मुदत टळली म्हणून ती रद्द केली. तरी त्या बाई थांबल्या नाहीत. २०२४ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी त्या गेल्या. इटलीनं १९९२ साली ॲसबेस्टॉसवर बंदी घातली, इंग्लंडनं १९९९ साली ती पुरी केली. आज साठाहून जास्त देशांत बंदी आहे.

आणि आपल्याकडे? नेली कर्शॉ जिथं राबल्या, त्या कंपनीचीच पुढं मुंबईत घाटकोपरच्या एका कारखान्यावर मालकी होती. मुंबईतल्या ॲसबेस्टॉसच्या कारखान्यातल्या १८१ कामगारांना डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा ४१ जणांना ॲसबेस्टॉसिस निघाला. १९९५ च्या जानेवारीत, अहमदाबादच्या ग्राहक संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. आरोग्य हा कामगाराचा हक्क आहे आणि मालकानं प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं जपली पाहिजे. चाळीस वर्षं का, ते आता तुम्हाला कळलं असेल. १९८६ पासून देशात या खाणींना नवे परवाने देणं थांबलं आहे. पण बाहेरून, मुख्यतः रशियातून, पांढरा ॲसबेस्टॉस आणून पत्रे करायला आजही मोकळीक आहे.

मग घरावरचा पत्रा आज काढून टाकायचा का? नाही. घाबरून उतरवणं हेच जास्त धोक्याचं. साबूत पत्र्यात तंतू सिमेंटनं धरून ठेवलेले असतात. तो कापला, भोक पाडलं, फोडला, घासला की सुटतात. म्हणून सिमेंटच्या पत्र्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडू नका. भोक पाडायचंच असेल तर जागा ओली करून, हातानं, सावकाश. पत्रा उतरवायची वेळ आली तर तो आधी भिजवा, खाली फेकू नका, अख्खा उतरवा. मुलांना लांब ठेवा. पडलेला भुगा कोरड्या केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपा आणि फडक्यासकट जाड पिशवीत बांधा. तोंडावर पदर किंवा रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. काम केलेल्याचे कपडे झटकू नका, ओले करून वेगळे धुवा. जुन्या पत्र्यांचे तुकडे अंगणात, वाटेवर किंवा चिखलात भर म्हणून टाकू नका. कासालेच्या लोकांनी तेच केलं होतं. तुकडे एका जागी झाकून ठेवा आणि ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा.

लोखंडी पत्र्यात ॲसबेस्टॉस नसतो. सिमेंटचे काही नवे पत्रे दुसऱ्या तंतूंचेही मिळतात. पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत, त्याला तपासणीच लागते. खरेदी करताना दुकानदाराला स्पष्ट विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

आता गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत एक वही घ्या. गावात कोणत्या शाळेवर, अंगणवाडीवर, घरांवर सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांतले फुटके किती, ते लिहा. गावातून मुंबई, गुजरातकडे पत्र्याच्या कारखान्यात, जहाज तोडायच्या कामावर किंवा गिरणीत कोण गेलं होतं, किती वर्षं, आणि घरी त्यांचे कपडे कोण धुवायचं, तेही लिहा. त्यांतल्या कुणाला दम लागत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती माहिती बरोबर न्या. डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगा. लूसीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळलं. नेलीबाईंचा रोग यादीत नव्हता म्हणून त्यांना दोन दारांवरून परत पाठवलं. आपल्या गावची यादी आपणच करायची आहे.