तंतुवाद्यवृंद, संचालकविरहित
तंतुवाद्यवृंद, संचालकविरहित : ताल व लय दर्शविणाऱ्या स्वतंत्र संचालकाविना, वादकांच्या परस्परावधानावर चालणारा गजवाद्यांचा समूह. त्यात व्हायोलिन, व्हिओला, चेलो व डबल बेस ही वाद्ये असतात. प्रमुख व्हायोलिनवादक वादन करता करताच गजाच्या हालचालीने व श्वासाने आरंभ, लयबदल व समाप्ती सूचित करतो.

सतराव्या-अठराव्या शतकांत यूरोपातील वाद्यवृंदांना बहुधा स्वतंत्र संचालक नसे. हार्पसिकॉर्डवादक किंवा पहिला व्हायोलिनवादक वृंदाला दिशा देई. एकोणिसाव्या शतकात वृंदाचा आकार आणि रचनांची गुंतागुंत वाढली व दंडधारी संचालक रूढ झाला. त्याच्या सर्वाधिकाराला पहिले ठळक आव्हान मॉस्को येथे १९२२ मध्ये व्हायोलिनवादक ल्येव्ह त्साइटलिन याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘पेर्सिम्फान्स’ या वृंदाने दिले. परस्परांना पाहता यावे म्हणून त्याचे वादक वर्तुळाकार बसत. त्यामुळे काहींची पाठ श्रोत्यांकडे होई. समतेच्या तत्त्वावर चालणारा हा वृंद १९३२ मध्ये संपुष्टात आला. पुढे प्राग चेंबर ऑर्केस्ट्रा (१९५१) व न्यूयॉर्कमधील ऑर्फिअस चेंबर ऑर्केस्ट्रा (१९७२) यांनी ही पद्धती स्थिर केली. ऑर्फिअसमध्ये प्रत्येक रचनेचा अर्थ आधी निवडक वादक ठरवितात आणि प्रमुख व्हायोलिनवादकाचे स्थान आळीपाळीने बदलते.

नॉर्डिक देशांत ही पद्धती विशेष रुजली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन चेंबर ऑर्केस्ट्रा (१९७७) व ब्यार्ने फिस्कुम याने स्थापिलेला ट्रॉनहेम सोलॉइस्ट्स (१९८८) हे वृंद मुख्यतः प्रमुख वादकाच्या नेतृत्वाखाली वाजवितात. या प्रदेशातील लोकसंगीत मुळातच नृत्याशी बांधलेले आहे. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलला सारंगीच्या तरफांप्रमाणे अनुनादी तारा असतात. तिचा वादक पायाने ठेका धरून नर्तकांसाठी एकटा वाजवितो. ‘स्प्रिंगार’ नृत्याच्या तीन मात्रा काही भागांत असमान लांबीच्या असतात. त्या हाताने मोजून दाखविण्यापेक्षा शरीरात मुरवून घ्याव्या लागतात.

कलासंगीतातही हा संबंध टिकून आहे. एड्‌व्हार्ड ग्रीगने लुडविग हॉल्बर्ग या नाटककाराच्या द्विशताब्दीनिमित्त १८८४ मध्ये पियानोसाठी लिहिलेल्या व पुढील वर्षी तंतुवाद्यांसाठी रूपांतरित केलेल्या ‘हॉल्बर्ग’ संगीतमालेत साराबांद, गाव्होत व रिगोदाँ ही जुनी नृत्ये येतात. फिनलंडच्या ऐनोयुहानी राउटाव्हाराची ‘पेलिमान्नित’ (१९५२, तंतुवाद्यरूप १९७२) आणि पेअर हेन्रिक नूर्डग्रेनची ‘लोकवादकांची चित्रे’ (१९७६) या रचनांना ग्रामीण व्हायोलिनवादनाचा आधार आहे.

बॅलेमध्ये संचालक रंगमंचासमोरील खोलगट भागात उभा राहून नर्तकांवर नजर ठेवतो आणि त्यांच्या गतीशी वादनाचा मेळ घालतो. तो नसला, की हे काम नर्तक व वादक यांना परस्परांत वाटून घ्यावे लागते. अलीकडील प्रयोगांत वादक स्वरलिपी न ठेवता, उभ्याने व रंगमंचावर वावरत वाजवितात. स्कॉटिश एन्सेंबलने स्वीडनच्या अँडरसन डान्ससह २०१५ मध्ये बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’वर असा प्रयोग सादर केला, त्यात वादक व नर्तक एकाच रंगमंचावर होते. वादक विखुरले किंवा नर्तक मध्ये आले, की नजरेचा दुवा तुटतो. अशा वेळी श्वास, पदन्यास आणि शेजाऱ्याचा नाद यांवरच विसंबावे लागते.

या पद्धतीत रचनेच्या अर्थाबाबत प्रत्येक वादक उत्तरदायी होतो, ही तिची मोठी जमेची बाजू होय. तथापि मतभेद चर्चेने मिटवावे लागत असल्याने आणि काही प्रयोगांत रचना मुखोद्गत कराव्या लागत असल्याने सरावाला अधिक वेळ व पर्यायाने अधिक खर्च लागतो. वादकसंख्या फार वाढल्यास किंवा लय वारंवार बदलत असल्यास ही पद्धती कठीण ठरते. म्हणून ती मुख्यतः लहान वृंदांतच टिकून राहिली आहे.