गांवची फिर्याद आणि गांवचा निवाडा

राजांच्या स्वाऱ्या, तहनामे आणि गादीचे वारसे यांनीं आमच्या इतिहासग्रंथांचीं पानें भरलेलीं आहेत. परंतु शेजाऱ्याचा बांध रात्रीं कोरणारा, दुसऱ्याच्या उभ्या पिकांत गुरें सोडणारा, चव्हाट्यावर शिवीगाळ करणारा, किंवा चोरांस आसरा देणारा जो गांवगुंड, त्याचा बंदोबस्त गांव कसा करीत असे, हा प्रश्न त्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. सामान्य रयतेच्या सुखदुःखाशीं मात्र दूरच्या लढाईपेक्षां याच प्रश्नाचा संबंध अधिक होता. उपद्रवाची वर्दी कोणीं द्यावी, कोणापुढें द्यावी, आणि ती दिल्यावर वर्दी देणाऱ्याचें काय होतें, यावरून समाजाची जितकी पारख होते तितकी त्याच्या किल्ल्यांवरून होत नाहीं. म्हणून मराठेशाहींतील गांवानें हें काम कसें चालविलें, आणि त्यांत घेण्याजोगें काय व टाकण्याजोगें काय, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

गांवचा मुख्य पाटील. वसूल त्याच्याकडे, तशी शांतता राखण्याची जबाबदारीहि त्याच्याचकडे. त्याच्या मदतीस चौगुला, लिहिण्यास कुलकर्णी, आणि पहाऱ्यास महार. कोठें कोठें जागलीचें काम रामोशी किंवा भिल्ल यांच्याकडे असे. पेशवाई बुडाल्यावर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलुखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत या जागल्याचीं कामें वर्णिलीं आहेत. गांवची शीव ठाऊक असणें, पिकें राखणें, कोण परका आला व कोण गेला हें पहाणें, आणि गांवांतील प्रत्येकाची चालचलणूक ओळखून असणें, हें सर्व त्याच्याकडे होतें. थोडक्यांत, गांवचे डोळे व कान तोच होता.

चोरी झाली कीं जागल्या पावलांचा माग काढीत निघे. माग शेजारच्या गांवच्या शिवेंत गेला आणि तेथील जागल्याची तशी खात्री पटली, म्हणजे पहिलें गांव मोकळें होई व पुढचा माग काढण्याचें काम दुसऱ्यावर पडे. ज्या गांवापर्यंत चोराचा माग निश्चितपणें लागला तें शेवटचें गांव चोरीस गेलेल्या मालाबद्दल जबाबदार ठरे. प्रथम जागल्याकडून त्याच्या ऐपतीप्रमाणें घेत, आणि बाकीचा बोजा सर्व गांवावर बसे. पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, हें खरें. परंतु दंडाची टांगती तलवार गांवावर असे. हीच व्यवस्था विलायतेंतहि होती, याचें आमच्या इंग्रजी शिकलेल्या वाचकांस नवल वाटेल. पहिल्या एडवर्डच्या १२८५ सालच्या विंचेस्टर येथील कायद्यानें चोरामागें ओरड करीत धांवणें हें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें, आणि चोर न सांपडल्यास त्या टापूंतील रहिवाशांवर भरपाई लादली. लंडन शहरास पगारी पोलिसांचें व्यवस्थित दल मिळालें तें १८२९ सालीं. तोंपर्यंत तेथेंहि शेजारी हाच शेजाऱ्याचा राखणदार होता.

या सामायिक जबाबदारीचा परिणाम असा कीं, वर्दी देणें हें चहाडी या सदरांत मोडत नसे. माझ्या आळींतील उनाडानें शिवेपलीकडे चोरी केली तर तिची झळ मलाहि लागणार, हें प्रत्येकास ठाऊक होतें. चहाडी कानांत सांगतात. फिर्याद चावडींत उभें राहून करावी लागे. चोरीखेरीज इतर कागाळ्या प्रथम पाटलापुढें जात. तो दोघांस बोलावून समजूत घाली. तेवढ्यानें भागलें नाहीं तर पंच बसत.

पंचांच्या कामाची रीत पाहिली म्हणजे आमच्या पूर्वजांच्या व्यवहारज्ञानाचें कौतुक वाटतें. आरंभीं वादी व प्रतिवादी या दोघांकडून राजीनामा घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडल्याचा कागद असा झाला आहे; त्या काळीं तो ‘पंच सांगतील तें मान्य’ अशा राजीखुशीचा कागद होता. त्याबरोबर जामीन द्यावा लागे. मग दोघांच्या तक्रिरी लिहून घेत, साक्षी होत, आणि गोतसभा जमल्यास निवाड्याचा महजर तयार होई. त्यावर सभासदांच्या खुणा पडत. कुणबी पाटलाची खूण नांगर, बलुतेदाराची खूण त्याच्या धंद्याचें हत्यार. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारांत जाई. गांवानें न तुटलेला कज्जा मामलेदाराकडे किंवा त्याच्याहि वर नेतां येई.

या रीतींत जामीन हा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. दंड दिला कीं गुन्हेगार व गांव यांचा हिशेब मिटतो, परंतु दुसऱ्या दिवशीं दोघांना एकाच पाणवठ्यावर जावें लागतें. जामीन राहाणारा शेजारी किंवा भाऊबंद त्या मनुष्याच्या पुढील वागणुकीशीं आपली अब्रू बांधून घेई. कागदावरील निवाडा रोजच्या आयुष्यांत टिकविण्याचें काम सरकारच्या शिपायापेक्षां हा जामीन अधिक करी.

एवढ्यावरच लेखणी थांबविली तर पूर्वजांचा गौरव होईल, पण इतिहासाचा विपर्यास होईल. ज्याच्या वर्दीवर गांवाची सुरक्षितता अवलंबून, त्या महाराचें घर गांवकुसाबाहेर होतें. इतरांच्या चोरीबद्दल पहिला भुर्दंड त्याच्यावर. फिर्यादी म्हणून उभा राहिला तर पाणवठ्यावर त्यास जागा नाहीं. त्याच्या वतनाच्या मोबदल्यांत त्याच्याकडून रात्रंदिवस राबणूक घेतली जात असे, आणि त्या गुलामगिरींतून सोडविण्यासाठींच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यास दुरुस्ति सुचविणारें बिल आणलें. पंचांत स्त्रियांना जागा नव्हती. उपद्रव देणारा खुद्द पाटील असला तर त्याच्याच चावडींत जाऊन तोंड उघडण्यास छातीच पाहिजे होती. ‘पंचांमुखीं परमेश्वर’ असें आम्ही म्हणतों. परंतु तो परमेश्वर कोणत्या आळींत राहातो, हें विचारण्याची सोय नव्हती.

याहून मोठा दोष शिक्षेंत होता. गोताजवळचें शेवटचें शस्त्र बहिष्कार. वाळीत टाकलेल्या कुटुंबाशीं रोटीबेटी बंद, न्हावी-परटाची सेवा बंद, प्रेतास खांदा देण्यासहि कोणी नाहीं. चोराविरुद्ध उगारलेलें हें शस्त्र जातीबाहेर लग्न करणाऱ्यावर, विधवेवर, किंवा पंचांस उलट प्रश्न विचारणाऱ्यावरहि तितक्याच सहजतेनें चालत असे. गांवाचा खरा उपद्रव कोणता आणि पंचांच्या मानाला लागलेला धक्का कोणता, यांत भेद करणारा त्रयस्थ तेथें नव्हता.

इंग्रजी अमलानें हा त्रयस्थ आणला, पण त्याबरोबर शेजारी घालविला. एल्फिन्स्टनला पंचायती टिकवावयाच्या होत्या. तिचे दोष ठाऊक असूनहि त्यानें तसेंच लिहिलें. तथापि १८२७ सालच्या कायदेसंग्रहानंतर कज्जे अदालतींत जाऊं लागले आणि पंचायतीचें तेज ओसरत गेलें. १८६७ च्या कायद्यानें पोलीस पाटलास किरकोळ मारहाण व शिवीगाळ यांबद्दल अल्प शिक्षेचा अधिकार ठेवला. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं झालेल्या कायद्यांत समेट घडवून आणणारे मध्यस्थ नेमण्याची तजवीज होती. मोडलेली वस्तु सरकार पुन्हां सांधूं पहात होतें. परंतु मधल्या काळांत फिर्यादीची वाट चावडीवरून कचेरीकडे वळली होती, आणि त्या वाटेवर वकील, स्टँप व तारखा उभ्या होत्या.

स्वतंत्र महाराष्ट्रानें या वारशाचे दोन्ही भाग वेगवेगळ्या वेळीं हातीं घेतले. १५ ऑगस्ट २००७ रोजीं राज्यांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरूं झाली. गांवांतील समितीनें तडजोडीजोगे तंटे सामोपचारानें मिटवावे, हा तिचा हेतु. हा चावडीचा चांगला भाग. दुसरीकडे, मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं रद्द ठरविला होता. पुढें २०१६ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलांत आला. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. चावडीच्या वाईट भागावर ही वेसण.

आमच्या मतें हे दोन उपक्रम एकत्रच वाचले पाहिजेत. तंटामुक्तीची समिति बहिष्काराच्या कायद्याचा विसर पाडून बसली, तर ती जुनीच गोतसभा नव्या नांवानें भरेल. दुबळ्याच्या गळीं उतरविलेली तडजोड हाच तिचा निवाडा होईल. उलट, कायदाच सर्व पाहून घेईल अशा समजुतीनें शेजारी खिडकी लावून घेऊं लागले, तर पोलीस चौकीपर्यंत वर्दी पोंचणारच नाहीं. शहरांतील चाळींस व सोसायट्यांस ही गोष्ट खेड्यांइतकीच लागू आहे. उघडपणें फिर्याद करणाऱ्याच्या मागें उभें राहाणें, चुकलेल्यास जामीन राहून पुन्हां माणसांत आणणें, आणि तक्रार करणारा लहान आहे कीं मोठा हें न पहाणें, या तीन गोष्टींपैकीं पहिल्या दोन आमच्या पूर्वजांस चांगल्या साधल्या होत्या. तिसरी साधण्याचें काम त्यांनीं आमच्यावर ठेविलें आहे.