संस्कारांविना : एका शेऱ्याचा शोध

जुन्या धर्मग्रामांच्या नोंदवह्या चाळण्याचा छंद आम्हांला सेमिनरीच्या दिवसांपासून जडला. वाळवीने कडा कुरतडलेल्या त्या पोर्तुगीज भाषेतील पानांवर आपल्या पूर्वजांचे जन्म, विवाह आणि मृत्यू ओळीने उभे असतात. सन १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या 'रोमन रिच्युअल' या विधिग्रंथात मृत्यूची नोंद कशी करावी, याचा नमुना घालून दिलेला आहे. मृताचे नाव, वय व दिवस यांच्या जोडीने त्याने पापनिवेदन केले काय, त्याला अंतिम पाथेय म्हणून ख्रिस्तप्रसाद मिळाला काय, तैलाभ्यंग झाला काय, हेही लिहावे लागे. म्हणूनच दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी निवर्तलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या उशाशी त्या रात्री धर्मगुरू होता की नव्हता, हे आपल्याला आजही कळू शकते.

अशीच एक वही वाचताना आमचे लक्ष एका शेऱ्याकडे गेले : 'संस्कारांविना'. काळ रेल्वे येण्याच्या थोडा अगोदरचा, म्हणजे १८६४ पूर्वीचा. हिवाळ्याच्या पानांवर हा शेरा क्वचित दिसे. आषाढ-श्रावणाच्या पानांवर मात्र तो पुन्हा पुन्हा येई, आणि तोही बहुधा डोंगराकडच्या पाड्यांच्या नावांपुढे. खरे सांगायचे तर आमच्या मनात प्रथम जो विचार आला तो त्या धर्मगुरूला दोष देणारा होता. पावसात बाहेर पडायला कंटाळला असेल, असे आम्ही मनोमन म्हटले. तरुणपणी असाच निवाडा आम्ही एका लेखातही करून टाकला होता. तो लेख आज वाचवत नाही.

वाचकहो, मृताला आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्या वतीने कोणी बोलायचे, तर आधी त्याच्या वाटेने चालून पाहायला हवे. इतिहासात अशा प्रयोगाला मान्यता आहे. सहाव्या शतकातील आयरिश मठाधिपती संत ब्रेंडन चामड्याच्या नावेतून पश्चिम समुद्रापार गेले, ही कथा पुष्कळांनी भाकड ठरवली होती. टिम सेव्हरिन या संशोधकाने ओकच्या सालीने कमावलेली ४९ बैलांची कातडी लाकडी सांगाड्यावर शिवून नाव बांधली, तिला लोकरीची चरबी चोपडली, आणि १९७६ साली आयर्लंडहून निघून १९७७ च्या जूनमध्ये तो न्यूफाउंडलंडला पोहोचला. यावरून संत ब्रेंडन तेथे गेले होतेच असे सिद्ध होत नाही. जाणे शक्य होते, एवढेच सिद्ध होते. पण तेवढ्यानेही हसणाऱ्यांची तोंडे बंद होतात.

आमचा प्रयोग समुद्राएवढा मोठा नव्हता. जुलैमधील एका अमावास्येच्या रात्री चर्चपासून पूर्वेकडे, तुंगारच्या डोंगराच्या पायथ्याची पाच मैलांची रानवाट, अभयारण्याच्या हद्दीबाहेरून, त्या काळच्या साधनांनिशी चालायची, असे ठरले. आम्ही, धर्मग्रामातील दोन तरुण आणि सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी काका, असे चौघे निघालो. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पळसाची पाने बसवलेली दोन इरली एका आदिवासी कुटुंबाने आमच्यासाठी मुद्दाम विणून दिली. धनगरी घोंगडी उसनी मिळाली. चामड्याच्या वहाणा, घुंगरू बांधलेली काठी, पाण्यासाठी वाळक्या भोपळ्याचा तुंबा, केळीच्या पानात बांधलेली तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील, अशी तयारी झाली. रॉकेल त्या काळी खेड्यांत पोहोचलेले नव्हते. म्हणून चारही बाजूंना काच असलेला चौकोनी कंदील आणि आत खोबरेल तेलाचा दिवा घेतला. आगपेटी वर्ज्य. तिच्या जागी चकमक, पोलादाचा तुकडा आणि बांबूच्या नळकांड्यात शेवरीचा कापूस. तुलनेसाठी एका तरुणाने आजचा रेनकोट घातला व खिशात विजेरी ठेवली. ती संकटातच लावायची, असा करार होता.

आणखी एक वस्तू आमच्यापाशी होती. रुग्णाकडे ख्रिस्तप्रसाद नेताना पुढे दिवा व घंटा असावी, आणि वाट लांबची वा बिकट असेल तर डबी पिशवीत ठेवून गळ्यात अडकवावी व छातीशी घट्ट बांधावी, असे विधिग्रंथ सांगतो. तशीच पिशवी आम्ही गळ्यात घातली. डबीत अर्थातच पवित्र न केलेली साधी ओस्ती होती.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. पहिल्या अर्ध्या तासातच वहाणांनी दगा दिला. चामडे फुगले, पट्टे सैल झाले, चिखलाने तळवे धरून ठेवले. काका पहिल्यापासून अनवाणी होते. ते नुसते हसले. आम्हीही वहाणा काखोटीला मारल्या. कंदिलाचा उजेड दोन पावलांपुढे जात नव्हता, आणि झाडीतून वारा सुटला की तोही विझे. तीनदा विझला. इरल्याच्या आडोशाला बसून चकमक झाडून पुन्हा ज्योत धरायला पहिल्या वेळी वीस मिनिटे लागली. दोन ओहोळांना गुडघ्याच्या वर पाणी होते. दुसऱ्या ओहोळाशी पाणी ओसरण्याची वाट पाहत पाऊण तास थांबावे लागले.

इरल्याने मात्र आम्हांला चकित केले. छत्री एक हात अडवते. इरले डोक्यावरून पाठीवर उतरते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील! घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असल्याने पाणी बराच वेळ वरून ओघळत राहिले. पुढे ती भिजून जड झाली, तरी ऊब गेली नाही. रेनकोटवाला तरुण बाहेरून कोरडा आणि आतून घामाने चिंब झाला होता. थंडीने त्याचे दात वाजू लागले तेव्हा काका म्हणाले, "पाऊस अंगावर घ्यावा बाळा, वारा घेऊ नये." आणि त्यांनी आपली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे कमी होती. तीन तास चाळीस मिनिटे.

तेथे एका ओसरीवर भाकरी खाताना काकांनी आमच्या हिशेबातील चूक दाखवली. "फादर, तुम्ही एकच वाट मोजलीत. बोलावायला येणारा माणूस आधी इकडून तिकडे जायचा ना?" आम्ही गप्प झालो. घरचे माणूस याच काळोखातून चर्चपर्यंत जाणार, धर्मगुरूला उठवणार, मग दोघे परत फिरणार. पाड्यावरची माणसे वाटेला सरावलेली, आमच्याहून कितीतरी चपळ. तरी जाऊन-येऊन पाच-सहा तास धरावे लागतील. पटकीच्या रोग्याला, सर्पदंश झालेल्याला, बाळंतपणात अडलेल्या बाईला तेवढा अवधी कोठून मिळणार? शिवाय मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आल्यावर युरोपीय संन्यासी निघून गेले होते, आणि विस्तीर्ण धर्मग्रामांचा भार मोजक्या एतद्देशीय धर्मगुरूंवर पडला होता. एका रात्री दोन पाड्यांवरून निरोप आला, तर त्याने कोठे जावे?

आमच्या प्रयोगाने तो धर्मगुरू प्रत्येक वेळी निघाला होता असे सिद्ध होत नाही. एवढेच कळते की 'संस्कारांविना' या शेऱ्याचा अर्थ 'तो आला नाही' असाच घ्यावा, याला आधार नाही. तो पहाटे चिखलाने माखलेला दारात उभा राहिला असेल आणि आतून रडण्याचा आवाज आला असेल, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. नंतर घरी येऊन त्याने वही उघडली, आणि स्वतःची बाजू न मांडता, खरे तेच एका शब्दात लिहिले. पूर्वी आम्हांला तो शब्द कबुलीजबाब वाटला होता. आता त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

आज पाड्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. मोटारसायकलवरून आम्ही वीस मिनिटांत पोहोचतो. घरोघरी फोन आहेत. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने घालून दिला. रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या श्वासाचा संस्कार नाही, तो आजारात बळ देणारा संस्कार आहे, हे आपण जाणतो. असे असूनही किती घरांतून आम्हांला निरोप येतो तो अंत्यविधीची वेळ ठरवण्यासाठी! 'फादरांना बोलावले तर आजारी माणूस घाबरेल,' असे घरचे सांगतात. आमच्या वहीतही मग तोच शेरा पडतो. त्या काळी वाटेत ओहोळ आडवे येत. आज काय आडवे येते, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरी करावा.

त्या रात्री परत निघण्यापूर्वी ओसरीवर आम्ही गळ्यातली पिशवी सोडली. सदरा भिजला होता, पिशवीची दोरीही भिजली होती. डबी उघडली. आतली ओस्ती कोरडी होती.