वऱ्हाडातील समाज व स्वशासन (ब्रिटिशकालीन)

ब्रिटिश अंमलात (१८५३–१९४७) अमरावती व अकोला परिसरात घडलेले सामाजिक परिवर्तन आणि त्यातून वाढलेल्या प्रातिनिधिक संस्था. इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींत स्वशासन वसाहतवाल्यांच्या पाठोपाठच आले. १६०७ मध्ये वसलेल्या जेम्सटाउन येथे १६१९ मध्येच व्हर्जिनियाची पहिली प्रतिनिधिसभा भरली. वऱ्हाडात इंग्रज वस्ती करण्यासाठी आले नव्हते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने २१ मे १८५३ च्या तहान्वये हा मुलूख त्यांच्या कारभाराखाली दिला. स्वामित्व मात्र निजामाचेच राहिले. १८६० च्या तहाने ही व्यवस्था कायम झाली. वरवर केवळ तांत्रिक वाटणाऱ्या या भेदाने वऱ्हाडच्या स्वशासनाचे स्वरूप पुढे शंभर वर्षे ठरविले.

पूर्वीच्या व्यवस्थेत देशमुख व देशपांडे परगण्यावर, पाटील व पांड्या गावावर आणि बलुतेदार आपापल्या हक्कांवर असत. १८६१ पासून मुंबई पद्धतीची रयतवारी पाहणी सुरू झाली. खातेदाराला वंशपरंपरागत व विक्रीयोग्य हक्क मिळाला. परगण्याच्या वतनदारांचे वसुलीचे काम संपले, तरी त्यांची प्रतिष्ठा टिकून राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले व तेथील कापूस लँकशरला मिळेनासा झाला. वऱ्हाडी कापसाला अकल्पित भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि अमरावती, अकोला, खामगाव या पेठांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. मारवाडी व कच्छी व्यापारी, कोकण व देशावरून आलेले वकील, शिक्षक व कारकून यांनी शहरे भरली. जमीन विकता येऊ लागली, तशी ती गहाणही पडू लागली, हे येथे विसरून चालणार नाही.

स्वशासनाचा उगम शोधताना विधिमंडळांकडे पाहण्याचा प्रघात आहे. वऱ्हाडापुरते बोलावयाचे, तर कापसाच्या बाजाराकडे आधी पाहिले पाहिजे. कारंजा येथे १८८६ मध्ये रेसिडेंटच्या हुकुमाने नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला. तो भारतातील या प्रकारचा पहिला बाजार होय. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही पद्धत इतरत्र लागू केली. बाजारसमितीने दलाल व मापाऱ्यांना परवाने द्यावेत, शुल्क ठरवावे, तंटे मिटवावेत, अशी योजना होती. समितीवर व्यापारी व नगरपालिका यांचे प्रतिनिधी असत. ज्याची कापसाची बंडी बाजारात उभी असे, त्या शेतकऱ्याला मात्र तीत स्थान नव्हते. मापात व कटतीत तो नागवला जाई, त्याचे हे एक मोठे कारण होते.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर वऱ्हाडात ग्रामीण मंडळांचा (१८८५) व नगरपालिकांचा (१८८६) कायदा झाला. त्यांत निवडलेले व नेमलेले असे दोन्ही प्रकारचे सभासद असत. मतदान करदात्यांपुरते मर्यादित होते. या संस्थांतून व सार्वजनिक सभेतून रंगनाथ नरसिंह मुधोळकर, गणेश श्रीकृष्ण खापर्डे, मोरोपंत जोशी यांसारखे वकील पुढे आले. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरले. खापर्डे स्वागताध्यक्ष होते. मुधोळकर १९१२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

१९०२ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड सालिना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडण्यात आला. वऱ्हाडचा महसूल आपल्यावर पुरेसा खर्च होत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरचा असल्याने एक चमत्कारिक प्रथा पडली. विधिपरिषदेसाठी वऱ्हाडचे मतदार प्रतिनिधी निवडीत आणि सरकार त्यांनाच पुन्हा रीतसर नेमी. १९१९ च्या सुधारणांनंतरही ही द्विरुक्ती चालू राहिली. लोकांनी दिलेला अधिकार सरकारी शिक्क्याशिवाय अपुरा ठरावा, ही गोष्ट वऱ्हाडी पुढाऱ्यांना बोचणे स्वाभाविक होते.

आरंभीचे नेतृत्व शहरी व मुख्यतः ब्राह्मण होते. १९२० नंतर ते पालटू लागले. दलितांना प्रतिनिधित्व मिळाले ते नियुक्तीने. गणेश आकाजी गवई हे असे सभासद होते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी १९२७ मध्ये चळवळ झाली व त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करणे व प्राथमिक शिक्षणाचा प्रसार ही त्यांची कामे होत. ज्या ग्रामीण मंडळांकडे सरकारने रस्ते व दवाखान्यांपुरते पाहिले होते, त्यांचा कुणबी शेतकरीवर्गाने आपल्या उत्कर्षासाठी उपयोग करून घेतला, असे म्हणण्यास हरकत नाही.

ऑक्टोबर १९३६ मध्ये ब्रिटिश राजसत्ता व निजाम यांच्यात नवा करार झाला. निजामाचे स्वामित्व त्यात मान्य करण्यात येऊन त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, तर वऱ्हाड हा ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या स्वायत्त प्रांताचा भाग झाला. १९३७ च्या निवडणुकीत वऱ्हाडचे मतदार त्या विधानसभेसाठी मतदान करीत होते. सत्तांतर जवळ येताच वऱ्हाडच्या भवितव्याचा प्रश्न पुन्हा निघाला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला येथे वऱ्हाड-नागपूर व पश्चिम महाराष्ट्र येथील नेत्यांत करार झाला. महाविदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात स्वतंत्र उपप्रांताचा दर्जा असावा, असे त्यात ठरले होते. तो दर्जा प्रत्यक्षात आला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले.